टायगर मॉथ उडवायचं की उभं करायचं, हे करवत हातात घेण्याआधी ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिंडोरीजवळ मामांच्या गोदामात कांद्याच्या रिकाम्या गोण्यांमागे एका दुपंखी विमानाचा सांगाडा सापडलाय. पोलादी नळ्यांची चौकट, चारपैकी तीन पंख, एक इंजिन आणि लाकडी प्रॉपेलर. मामांच्या वडिलांनी साठच्या दशकात कुठल्याशा फ्लाइंग क्लबच्या भंगारातून ते उचललं होतं. तुम्ही मेकॅनिकल इंजिनिअर, अंबडला नोकरी. विचारता की हे पुन्हा उडेल का, नाशिकमध्येच काम होईल का, खर्च किती, आणि स्पारसाठी, म्हणजे पंखातल्या मुख्य लाकडी तुळयांसाठी, सागवान चालेल का.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, त्याचं उत्तर सोपं आहे. सागवान चालणार नाही. वाड्यांचे खांब बघत वाढलेल्या नाशिककराला हे पटत नाही, मलाही पटलं नव्हतं. सागवान टिकतं ते त्याच्या अंगच्या तेलामुळे, आणि तेच तेल सरस धरू देत नाही. त्यात वजन. घनमीटरला सागवान साडेसहाशे किलोच्या आसपास भरतं, सिटका स्प्रूस हे विमानाचं लाकूड चारशेच्या थोडं वर. अख्खं टायगर मॉथ, म्हणजे तुमचं हे विमान, रिकामं 506 किलोचं, त्यात असली चैन परवडत नाही. स्प्रूसमध्येही सगळं चालत नाही. काडी, म्हणजे तंतूंची दिशा, सरळ हवी, 15 इंचांत 1 इंचापेक्षा जास्त तिरकी गेलेली फळी बाद. वर्षवलयं इंचाला किमान 6. आणि आडव्या केसासारखी एखादी रेघ दिसली तर ती फळी कितीही सुंदर असो, तिचा पाट करा. ती रेघ म्हणजे लाकडाचे तंतू कधीतरी दाबाखाली चुरडले गेल्याची खूण असते.

मी कोण, तेही सांगतो. ओझरच्या विमान कारखान्यात तीस वर्षं मिग लढाऊ विमानांच्या पत्र्यात रिव्हेट मारले. निवृत्तीनंतर मुलीकडे इंग्लंडला गेलो, हात स्वस्थ बसेनात, म्हणून जवळच्या, जुनी विमानं दुरुस्त करणाऱ्या एका शेडमध्ये अक्षरशः झाडू मारायला शिरलो. पुढे नऊ उन्हाळ्यांत तिथे तीन टायगर मॉथ आणि एक स्टिअरमन (अमेरिकन दुपंखी विमान) पूर्ण केली. वैमानिक म्हणून मी साधाच, टायगर मॉथवर जेमतेम चाळीस तास. लाकडाबद्दल मात्र माझ्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

तुमच्या फोटोंत इंजिनाचे चार सिलिंडर क्रँकशाफ्टच्या खाली लोंबताहेत. ते जिप्सी मेजर, 130 हॉर्सपॉवरचं, मुद्दाम उलटं बसवलेलं. पंख मागे झुकलेले आहेत, म्हणजे हे टायगर मॉथच. आधीच्या जिप्सी मॉथचे पंख सरळ असत. या झुकावामागे एक गोष्ट आहे. शिक्षक पुढच्या कॉकपिटमध्ये बसे आणि त्याच्या डोक्यावर नेमकी वरच्या पंखाची मधली चौकट, तिच्यातच पेट्रोलची टाकी. पॅराशूट बांधून त्याला बाहेर पडता येईना. म्हणून ती चौकट पुढे सरकवली. त्यानं उचल पुढे गेली आणि तोल बिघडला, तो सावरायला पंखांची टोकं मागे ओढली. 26 ऑक्टोबर 1931 ला हे विमान पहिल्यांदा उडालं, पुढे आठ हजारांवर बनली, आणि आपल्याकडे वायुसेनेपासून क्लबांपर्यंत एका अख्ख्या पिढीनं त्यावर हात बसवला.

आता मुख्य गोष्ट. हे विमान उडवायचंय की उभं करायचंय? तुम्ही म्हणाल, काम तर सुरू करू, पुढचं पुढे बघू. तिथेच घोटाळा होतो. उडवायचं ठरलं तर जुन्या लाकडातलं फारच थोडं शिल्लक राहील. स्पार नवे, फासळ्या बहुतेक नव्या, वायरी, बोल्ट आणि कापड सगळं नवं. उभं करायचं तर नेमकं उलट: जुना प्रत्येक खिळा जपायचा, वाळवी लागलेलं टोकसुद्धा कापायचं नाही, औषध पाजून तसंच ठेवायचं. पहिली करवत चालवली की या दोनपैकी एक दार बंद होतं.

उभं करण्यात कमीपणा मानू नका. 1933 मध्ये कराचीला वायुसेनेची पहिली स्क्वाड्रन निघाली ती वापिटी नावाच्या दुपंखी विमानांवर. जगात उरलेलं एकमेव वापिटी आज दिल्लीत पालमच्या संग्रहालयात आहे. कुणा उत्साही माणसानं त्याला उडवायच्या नादात सोललं असतं तर आपल्याकडे वापिटीची झकास नक्कल उरली असती, वापिटी नाही. उलट 8 ऑक्टोबर 2012 ला हिंडनला वायुसेना दिनी टायगर मॉथ उडालं, तेव्हा ज्यांनी ते पाहिलं त्यांच्या अंगावर काटा आला, तोही खोटा नव्हता. टायगर मॉथ जगात अजून बरीच आहेत, म्हणून तुमच्या बाबतीत दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. फक्त निवडा.

उडवायचं म्हणत असाल तर पुढचं वाचा.

पहिलं काम मामांच्या कपाटात. लॉगबुक शोधा, वह्या शोधा, कॉकपिटजवळ खिळवलेली पितळी किंवा पत्र्याची पट्टी शोधा. विमानाची ओळख त्या क्रमांकात असते. कागदाशिवाय तुमच्याकडे आहेत ते सुटे भाग, आणि सुट्या भागांना उड्डाणयोग्यतेचा दाखला मिळत नाही. मूळ आराखड्यांचा सांभाळ आज इंग्लंडातल्या डक्सफर्डची डी हॅविलंड सपोर्ट ही कंपनी करते (टायगर मॉथ बनवलं ते डी हॅविलंडनं), तिच्याशी पहिल्याच महिन्यात पत्रव्यवहार सुरू करा. डीजीसीएकडेही (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) तेव्हाच जा, विमान तयार झाल्यावर नको. परवानाधारक अभियंत्याला पंख उघडे असताना आत डोकावू द्या. कापड चढल्यावर तो बिचारा कशावर सही करणार?

कॉकपिटमधली घड्याळं, म्हणजे मापकांच्या तबकड्या, खरवडू नका, काच उघडू नका. त्या काळी अंधारात चमकणाऱ्या आकड्यांना रेडियमचा रंग देत. चमक कधीच गेलेली असते, रेडियम जागच्या जागी असतो. जुन्या गॅस्केटमध्ये अ‍ॅसबेस्टॉसही असू शकतं.

मग कापड फाडायचं. यात हळहळ नको. माझ्या अनुभवात या विमानांची खरी हकिगत नेहमी कापडाच्या आत असते. शेडमधलं दुसरं विमान एका गृहस्थांनी आदल्याच वर्षापर्यंत उडवलेलं होतं. वरून आरशासारखा रंग. खालच्या पंखाचं कापड काढलं आणि मी दंतवैद्याचा असतो तसला छोटा आरसा आत घालून टॉर्च मारला. फासळी जिथे स्पारला चिकटते तिथे पिठासारखी पांढरट भुकटी. सुरीचं टोक नुसतं टेकवलं तर फासळी बाजूला झाली. जुना सरस केसीनचा, म्हणजे दुधातून काढलेला. दमट हवेत त्याला बुरशी लागते. ते विमान निदान थंड देशात होतं. तुमच्यानं दिंडोरीचे पन्नास-साठ पावसाळे काढलेत. सरस धडका असेल अशी आशा ठेवू नका, सगळे सांधे मेले असं धरूनच चाला. नवीन सांधे आता इपॉक्सीनं किंवा रिसॉर्सिनॉलनं होतात. लाकूड जोडताना तिरका जोड 1 ला 12, म्हणजे जाडीच्या बारापट लांब, त्यापेक्षा आखूड मी करत नाही.

नळ्यांची चौकट वरून गंजलेली दिसते त्याची मला फिकीर नाही. गंज आतून खातो. अल्ट्रासाउंडनं नळीच्या भिंतीची जाडी मोजा, जिथे पातळ तिथे नळी बदला. काम झाल्यावर नळीत गरम जवसाचं तेल फिरवून निथळू द्यायचं ही जुनी पद्धत आहे आणि अजून तिच्याहून स्वस्त इलाज मला माहीत नाही.

याच चौकटीत पायाखाली आडवे जाणारे दोन दांडे असतात, टाय रॉड. एका बाजूच्या पंखाचा ओढा दुसऱ्या बाजूला पोचवणारे तेच. 16 डिसेंबर 2013 ला ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या किनाऱ्याजवळ एका टायगर मॉथचा डावा पंख गिरकीच्या सुरुवातीलाच तुटला, दोघेही गेले. तपासात दिसलं की दोन्ही दांड्यांच्या आट्यांमध्ये आधीपासून थकव्याच्या चिरा होत्या. चकचकीत विमान होतं, पर्यटकांना फिरवणारं. हे दांडे ठरलेल्या तासांनंतर किंवा वर्षांनंतर बदलायचे असतात, दिसायला चांगले असले तरी. तुमचे जुने दांडे कपाटात शोभेला ठेवा आणि नवे मागवा, प्रमाणपत्रासकट.

कापड चढवणं हा या कामातला माझा सर्वांत आवडता भाग, म्हणून जरा रेंगाळतो. मूळ कापड आयरिश लिनन. डी हॅविलंडच्याच मॉस्किटो विमानाच्या प्लायवूडवर जे सुती कापड डकवत त्याचं नाव मॅडापोलम, आंध्रच्या नरसापूरजवळच्या गावावरून पडलेलं. आता बहुतेक जण पॉलिएस्टर वापरतात आणि मीही तेच सुचवतो, आपल्या उन्हात लिनन लवकर म्हातारं होतं. पॉलिएस्टर सैलसर चिकटवायचं आणि इस्त्रीनं आवळायचं, आधी 120 अंशांवर, शेवटी 175 वर. इस्त्री घरची चालेल, तिच्यावरचे आकडे चालणार नाहीत. थर्मामीटर लावून इस्त्री आधी तपासा. ताव जास्त झाला की कापड आवळण्याऐवजी सैल पडतं, मग नवीन ताग्याशिवाय गत्यंतर नाही.

त्यानंतर शिवण. प्रत्येक फासळीला कापड वरून खाली आरपार शिवायचं असतं, नाहीतर हवेत वरचं कापड फुग्यासारखं उचललं जातं. पंख उभा करायचा, एक माणूस या बाजूला, एक त्या बाजूला, मधे हातभर लांब दाभण आणि मेण लावलेला दोरा. नाशिकला परतल्यावर एका संग्राहकासाठी मी सातपूरच्या गाळ्यात एक पंख केला तेव्हा पलीकडच्या बाजूला आमच्या सौ. होत्या. आयुष्यभर गोधड्या शिवलेल्या. पहिल्या दिवशी माझी दाभण फासळीला तीनदा लागली, त्यांची एकदाही नाही. दोरा किती ओढायचा हे मी त्यांना पुस्तक उघडून समजावत होतो. त्या म्हणाल्या, "फासळी दिसली नाही तरी तिचा कडकपणा बोटाला लागतो, तुम्ही आधी बोलणं थांबवा." शिवण संपली तेव्हा कापडावर टिचकी मारली की नाशिक ढोलाच्या थापीसारखा आवाज, आणि फासळीच्या जागी तो एकदम बसका.

त्याच पंखावर मी मूर्खपणाही केला. संग्राहकाला गणपतीच्या आत पंख हवा होता, म्हणून जुलैत डोप, म्हणजे कापड ताठ करणारा लेप, मारायला घेतलं. डोप वाळताना त्यातलं द्रावण उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं. सकाळी शटर वर केलं तर अख्खा पंख दही सांडल्यासारखा पांढरा. वरचा थर विरघळवून पुन्हा मारावा लागला, दोन आठवडे आणि बराच थिनर गेला. नाशिकमध्ये डोपचा हंगाम दिवाळीनंतर ते होळीपर्यंत, तोही उन्हं वर आल्यावर. नायट्रेट डोप पेट्रोलसारखं पेट घेतं, गाळ्यात बिडी, साधा पंखा, उघडा स्विच काही नको. रंगाखाली अ‍ॅल्युमिनियमची चंदेरी भुकटी घातलेले थर द्यायला विसरू नका, कापडाला ऊन लागू न देणारा पडदा तोच. आणि हौसेनं रंगाचे थर वाढवू नका, रंगालाही वजन असतं.

पंख लागले की रिगिंग, म्हणजे वायरी आवळून पंख नेमक्या कोनात बसवणं. इथे तुमच्या डिग्रीपेक्षा गवंड्याचा ओळंबा जास्त कामाला येतो. दोन पंख, मधले खांब आणि तिरक्या वायरी मिळून एक पूल तयार होतो. उडताना पंख वर ओढले जातात तो भार फ्लाइंग वायरी घेतात, जमिनीवर पंख लोंबू नयेत म्हणून लँडिंग वायरी. विमान पातळीत आणायचं, वरच्या पंखाच्या कडेवरून ओळंबे सोडायचे, पुस्तकातल्या मापाशी जुळेपर्यंत वायरी फिरवायच्या. वायरीच्या एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे, म्हणून फिरवली की आवळते. टोकाजवळ बारीक भोक असतं. त्यात तार घालून बघा. तार आरपार गेली म्हणजे आटे पुरेसे आत शिरलेले नाहीत. येवल्याच्या संक्रांतीला पतंगाचा दोरा जरा इकडे-तिकडे बांधला की पतंग गिरक्या घेतो, तसंच हे. पहिल्या उड्डाणानंतर वैमानिक म्हणाला की डावीकडे ओढतंय, तर खट्टू होऊ नका, अर्धा फेरा आवळा आणि पुन्हा पाठवा.

इंजिनाबद्दल थोडक्यात, कारण ते तुम्ही स्वतः उघडूच नये. जिप्सी मेजर दुरुस्त करणारी मोजकी ठिकाणं आहेत, तिकडे पाठवा. मात्र एक सवय लावून घ्या. इंजिन उलटं असल्यानं तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचतं. सुरू करण्याआधी मॅग्नेटो, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणारं यंत्र, बंद असल्याची खात्री करून प्रॉपेलर हातानं सावकाश फिरवा. अडलं तर जोर लावू नका, प्लग काढून तेल निथळू द्या. प्लगवरून आठवलं, 1930 मध्ये इंग्लंड-भारत एकट्यानं उडण्याच्या आगाखानांच्या बक्षिसासाठी अ‍ॅस्पी इंजिनिअर (हे त्यांचं आडनाव) इंग्लंडहून आणि जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले होते. इजिप्तमध्ये अबुकीरला अ‍ॅस्पी प्लगसाठी अडलेले. जेआरडींनी आपल्याकडचे देऊन टाकले आणि बक्षीस अ‍ॅस्पींनी जिंकलं. दोघांकडेही जिप्सी मॉथ, दुपंखी. याउलट 1932 ला जेआरडींनी कराची-मुंबई टपाल आणलं ते पुस मॉथ एकपंखी होतं. टपालाच्या गोष्टीबरोबर दुपंखी विमानाचा फोटो छापलेला दिसला की मला उगाच चिडचिड होते.

पेट्रोल पंपावरचं घालू नका. वीस टक्के इथेनॉल जुन्या रबराला, सीलंटला आणि कॉर्कला खातं. विमानाचं अ‍ॅव्हगॅस लागेल. ते 2022 पासून इंडियन ऑइल गुजरातच्या रिफायनरीत बनवतं, पण तुमच्या दारात टँकर येणार नाही, पिंपांची आणि परवानगीची सोय बघावी लागेल.

नाशिकमध्ये काम होईल का? होईल, आणि चांगलं होईल. ओझरमुळे इथे विमानाच्या कामाची शिस्त रक्तात असलेले निवृत्त लोक गल्लोगल्ली आहेत, सातपूर-अंबडला हवा तो बोल्ट वळून देणारे आहेत. फक्त तो बोल्ट विमानात लावायचा तर धातूचा दाखला हवा, एवढं त्यांना आधी सांगा.

नाशिकमध्ये उडेल का, हे जास्त कठीण. ओझरची धावपट्टी संरक्षण खात्याच्या कामाची. नाशिकच्याच गांधीनगरला सैन्याच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं. देवळालीला तोफांचा सराव. मामांच्या द्राक्षबागेशेजारून उठून पांडवलेण्यांवरून घिरटी घेईन म्हणालात तर संध्याकाळी पोलीस घरी असतील. शिरपूर, धुळे, बारामती इथे शिकाऊ वैमानिकांच्या धावपट्ट्या आहेत, तिथे विचारा. आणि डांबरी पट्टीशेजारी गवताचा पट्टा आहे का तेही विचारा. टायगर मॉथला ब्रेक नसतात, मागे चाक नसून लोखंडी स्किड असते. ती गवतात रुतते म्हणून विमान थांबतं. डांबरावर ती फक्त ठिणग्या पाडते.

ज्यांनी सेस्नावर, म्हणजे आजच्या शिकाऊ विमानावर, शिकलंय त्यांना दोन धक्के बसतात. सेस्ना उठताना उजवा पाय दाबायची सवय लागलेली असते. जिप्सी मेजर उलट्या दिशेनं फिरतं, इथे डावा पाय लागतो. दुसरं म्हणजे उतरताना समोर नाकाशिवाय काहीच दिसत नाही, म्हणून शेवटपर्यंत वळत वळत यायचं आणि पट्टी डोळ्याच्या कोपऱ्यात धरायची. बाजूचा वारा असेल तर त्या दिवशी चहा प्यायचा, उडायचं नाही.

उन्हाळ्याचंही सांगून ठेवतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर. मे महिन्यात पारा 40 ला गेला की इंजिनाला आणि पंखांना ती हवा पाच हजार फुटांच्या वरची वाटते. 130 मधले जेमतेम 110 घोडे उरतात. दोन धडधाकट माणसं आणि भरलेली टाकी घेऊन भर दुपारी हे विमान धावेल खूप, चढेल थोडं. माझ्या मते नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी नऊच्या आत.

खर्चाचा आकडा मी देणार नाही. तीन पंखांचं कापड निघेपर्यंत जो कुणी आकडा सांगेल तो अंदाजपंचे सांगतोय असं समजा. वेळेचं एवढं सांगतो की इंग्लंडात आम्ही चौघं, आठवड्यातले चार दिवस, सगळी हत्यारं हाताशी, आणि एका विमानाला साडेचार वर्षं लागली. तुम्ही रविवारचे गडी. बायकोला आत्ताच विश्वासात घ्या, आणि तिला गोधडी शिवता येत असेल तर तेही मला कळवा.

तूर्त गोण्या हलवा, सांगाडा जमिनीवरून विटांवर उचला, वाळवीचं औषध मारा, पंख भिंतीला टेकून ठेवले असतील तर कडेवर उभे करून मऊ गादीवर ठेवा. काहीही घासू, धुऊ, रंगवू नका. मॅग्नेटोच्या तारा कुठे जातात ते बघेपर्यंत प्रॉपेलरला पोरांना हात लावू देऊ नका, साठ वर्षं बंद असलेलं इंजिनसुद्धा कधीकधी एक उसळी मारतं. येत्या महिन्यात मी दिंडोरीकडे येणारच आहे. टॉर्च आणि आरसा माझ्याकडे आहे, तुम्ही फक्त एक शिडी आणि मामांची ती कपाटाची किल्ली तयार ठेवा.